मगदुमांच्या विहिरीचं पाणी

राजमतीकाकू मगदूम यांच्या विहिरीच्या कट्ट्यावर पायात चप्पल घालून कुणी चढत नाही. एकदा मोटर दुरुस्त करायला आलेला एक माणूस बुटासकट चढला होता. "पावणं, देवळात बी असंच शिरतासा काय?" असं काकूंनी त्याला एवढ्या मोठ्यानं विचारलं, की तो खाली उतरला, बूट काढले आणि घाबरून मोजेही काढले. मगच त्यानं मोटरीला हात लावला.

गडमुडशिंगीच्या कडेला, उसाच्या रानाला लागून, सतरा घरांची वस्ती आहे. तिला मगदूम मळा म्हणतात. विहीर काकूंच्या आजेसासऱ्यांनी काढलेली. काकूंचे मालक अण्णाप्पा जाऊन आठ वर्षं झाली, पण त्यांच्या माघारीही विहिरीचा मान तसूभर कमी झाला नाही. या पाण्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजते, हे मळ्यातली कुठलीही बाई सांगेल. चातुर्मासात गावात जैन मुनीमहाराज आले, की त्यांच्या आहाराचं पाणी इथूनच जातं. नळ दारात आले तरी काकूंच्या घराशिवाय मळ्यातल्या सहा घरांनी प्यायला हेच पाणी ठेवलं. नळाचं पाणी भांड्याला आणि म्हशीला.

काकूंचा दिवस विहिरीवर सुरू होतो. उजाडलं, की कप्पीवरून बादली सोडायची, पाणी शेंदायचं आणि घट्ट विणीच्या पांढऱ्या फडक्याची दुहेरी घडी करून त्यातून ते गाळायचं. गाळून झालं, की आपण फडकं झटकून मोकळे होतो. काकूंचं काम तिथून सुरू होतं. फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जे जीव अडकले असतील, ते गाळलेल्या पाण्यानंच एका छोट्या बादलीत धुऊन घ्यायचे. या बादलीला बुडाशी कडी असते आणि कडीला दुसरी दोरी. बादली पार पाण्यापर्यंत सोडायची, पाण्याला टेकली, की दुसरी दोरी ओढायची, म्हणजे ती हळूच कलंडते आणि जीव आपल्या घरी परत जातात. वरून ओतायचं नाही, त्यांना आपटी बसते. एका विहिरीचे दुसरीत सोडायचे नाहीत. याला जीवाणी म्हणतात. काकू हे चाळीस वर्षं करत आल्या होत्या. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो, त्यात खंड नव्हता.

स्वतःपुरता त्यांनी आणखी एक नेम घेतला होता. उकळलेल्या पाण्यात नवे जीव उपजत नाहीत, म्हणून अण्णाप्पा गेले त्या वर्षापासून त्या उकळलेलंच पाणी प्यायच्या. रोज सकाळी गाळलेल्या पाण्याचं एक पातेलं चुलीवर चढायचं, खळखळून उकळायचं आणि निवलं, की काकूंच्या झाकणाच्या हंड्यात जायचं. त्या हंड्याला दुसरं कुणी हात लावत नसे. नेम ज्याचा त्यानं पाळायचा, तो दुसऱ्यावर लादायचा नाही, असं काकूंचं म्हणणं होतं. आणि म्हणणं चांगलंच होतं.

यंदा दसरा झाला आणि मळ्यात कावीळ आली.

आधी जोतीराम पाटील पडला. दुधाचा टेम्पो चालवणारा, साखरेचं दुखणं असलेला, पन्नाशीतला माणूस. आठ दिवसांत डोळे हळदीसारखे झाले आणि बायको आक्काताईनं त्याला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं. मग शेजारची दोन पोरं, मग एक म्हातारी. पंधरवड्यात सहा घरांत अकरा माणसं झाली. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं होतं, त्यामुळं आळ घ्यायला नळ तयारच होता. आणखी दोन घरच्या बाया कळशा घेऊन काकूंच्या दारात आल्या. "काकू, तुमच्या हिरीचं न्हेऊ काय वो पाणी? नळाचं भ्या वाटतंय." काकूंनी सगळ्यांना हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, तर प्रत्येकीची कळशी स्वतः गाळून भरून दिली. उजवा खांदा सुजला, पण त्या हटल्या नाहीत. संकटात आपली विहीर उपयोगी पडते आहे, याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो त्यांच्या चालण्यातही दिसत होता.

पण जिवाला घोर होता तो सोनलचा. सोनल ही काकूंची लेक, कबनूरला दिलेली. तिच्या नवऱ्याचे चार यंत्रमाग आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ओटी भरून काकूंनी तिला आणलं, त्याला पाच आठवडे झाले होते. आता आठवा सरत आला होता.

अनुजा नावाची मुलगी मळ्याच्या रस्त्यापलीकडच्या टोकाला राहते. ती आशा ताई आहे, घरोघर जाऊन औषधगोळ्या देते आणि आजाऱ्यांची नोंद करते. एका सकाळी ती विहिरीवर आली तेव्हा चप्पल लांब काढूनच आली.

"काकू, सोनलला पाणी उकळून देताय न्हवं?"

"गाळून देतोय की. दुहेरी फडक्यातनं."

"गाळून भागत न्हाय, काकू. पोटुशी बाईला ही कावीळ झाली, तर आई आन् बाळ दोन्ही हातचं जात्यात. आमास्नी डाक्टरनी बजावून सांगितलंय."

"नळ पिणाऱ्यास्नी सांग जा. पोटात बाळ वाढतंय तिच्या, तिला ताजं पाणी लागतंय. ते उकळलेलं मढ्यागत पाणी मी पितो, तेवढं बास हाय."

अनुजानं मग खरं काम काढलं. "काकू, तुमच्या हिरीत टीसीएल टाकूया. सगळ्याच हिरींत टाकायला लागल्यात."

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर. तिच्या वासानंच काकूंचं डोकं फिरायचं. हातातला दोर त्यांनी कट्ट्यावर आपटला.

"हिरीत जहर टाकू? ज्या जिवांस्नी चाळीस वर्षं हळू खाली सोडलं, त्यास्नी आता मारू? आन् कशापायी गं? हे बघ माझ्याकडं. लगीन होऊन आल्यापासनं हेच पाणी पितोय मी. हाय काय डोळ्यात पिवळं? सांग की!"

काकूंचे डोळे दुधासारखे स्वच्छ होते. तिनं पिशवीतून बोटभर उंचीची एक काचेची बाटली काढली. आत थोडी पावडर होती.

"मग हे तरी करू द्या. पाणी चांगलं असलं, तर रंग हाय तसाच राहील. संडासाची घाण मिसळत असली, तर काळं पडंल. उद्या सकाळपतोर कळंल. फकस्त उबेला ठेवायला पाहिजे."

"घे भरून. तुझं तोंड तरी बंद हुईल." काकूंनी स्वतः पाणी शेंदून दिलं. बाटलीतलं पाणी पिवळसर झालं. बाहेर पावसाळी गारवा होता. ऊब कुठं शोधायची, म्हणून काकूंनी बाटली एका फडक्यात गुंडाळून कमरेला, कनवटीला बांधली. हरायची भीती नसलेला माणूस पैज लावताना जसा ऐटीत असतो, तशाच त्या होत्या.

ऐट दुपारपर्यंत टिकली.

दुपारी सोनल जेवायला बसली आणि ताट सारून उठली. "आव्वा, फोडणीचा वास नको वाटतोय गं. परवापासनं असंच हुतंय." आठव्या महिन्यात व्हायचंच, असं काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण आपलं बोलणं त्यांना स्वतःलाच पटलं नाही. चौथ्या महिन्यात ज्या पोरीनं ठेचा चाटूनपुसून खाल्ला, तिला आता फोडणी सोसेना?

कळशीवाल्या बाया येत-जात होत्या. काकू कट्ट्यावर बसून त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि नको ते मनात आलं. जोतीरामचं घर याच विहिरीचं. त्या दोन पोरांचं घर याच विहिरीचं. म्हातारीचंही. काविळीची घरं सहा, आणि पहिल्यापासून इथलं पाणी पिणारी घरंही सहाच. रस्त्यापलीकडं अनुजाच्या बाजूला आठ घरं होती. ती सगळी नळाचं पाणी उकळून प्यायची. तिकडं एकही माणूस पिवळं पडलं नव्हतं. आपल्या घरात लेकाला, वृषभला, काही झालं नव्हतं, पण तो दिवसभर कोल्हापुरातल्या हार्डवेअरच्या दुकानात असायचा, तिथं जारचं पाणी.

काकू उठल्या आणि घराच्या मागच्या अंगाला गेल्या.

दोन वर्षांपूर्वी वृषभनं लग्नाच्या दृष्टीनं नवं घर बांधलं. पोरीकडचे लोक आधी बाथरूम बघतात, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. घराला चार संडास झाले. पुढच्या अंगणात गाडी लावायची होती, म्हणून शोषखड्डा मागं घेतला. तेव्हा काकूंनी एकच अट घातली होती, की घाण डोळ्याला दिसता कामा नये. खड्ड्यावर शहाबादी फरशी बसली. कडेनं काकूंनी हौसेनं झेंडू लावला, तो छातीएवढा वाढला. आता त्या झेंडूपासून विहिरीपर्यंत काकू पावलं मोजत चालल्या. चौदा भरली. आणि चालताना जमीन उताराला लागली होती, हे त्यांच्या गुडघ्यांनी सांगितलं.

खड्डा खणताना गवंडी म्हणाला होता, "काकू, मुरूम हाय मुरूम. पाणी कसं झकास जिरतंय बगा." काकूंनाही बरं वाटलं होतं. कुठं जिरतंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर वृषभनं एमआयडीसीत कामाला असलेले चार भाडेकरू ठेवले होते. त्यातला एक गणपतीत आजारी पडून गावाकडं गेला होता. कशानं, ते आता काकूंना आठवलं. डोळे पिवळे झाले होते त्याचे. त्यांनीच त्याला उसाचा रस पाठवला होता.

काकूंनी कनवटीची बाटली काढून बघितली. पिवळसरच होती. त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्या तिथंच झेंडूशेजारी बसल्या. वेडी झालीस राजमती, असं स्वतःला म्हणाल्या. कुठं खड्डा, कुठं हीर! जमिनीच्या पोटातून पाणी गाळूनच येतं की.

पाच वाजता आक्काताई आली. नवऱ्याजवळ दवाखान्यात चार दिवस काढून, अंघोळ करून कपडे न्यायला ती घरी आली होती. हातात दहा लिटरचा कॅन.

"काकू, एवढा भरून द्या. दवाखान्यातलं पाणी ह्यास्नी नगं वाटतंय. तुमच्या हिरीचं दिलं, की दोन घोट जात्यात बगा."

काकूंचा हात कॅनवर थबकला. बाटली अजून काळी पडली नव्हती. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? मगदुमांच्या विहिरीचं पाणी नको, हे शब्द तोंडातून काढायचे कसे? आणि उद्या बाटली तशीच राहिली, तर आपणच आपल्या विहिरीला नाव ठेवल्यासारखं होईल. काकूंनी फडक्याची घडी नीट केली, कॅन गाळून भरला आणि दिला. आक्काताई शेवटच्या बसनं निघून गेली.

सहाला, दिवस मावळायच्या आत, सोनलला जेवायला वाढायचं होतं. काकूंनी तांब्या उचलला आणि घागरीत बुडवायच्या ऐवजी त्यांचा हात आपसूक स्वतःच्या हंड्याकडं गेला. उकळलेल्या पाण्याच्या. त्यांनी तो मागं घेतला. पुन्हा तिकडंच गेला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सकाळी अनुजाला त्यांनी छातीठोकपणे विचारलं होतं, हाय काय डोळ्यात पिवळं? पिवळं कसं असेल? आठ वर्षं त्या विहिरीचं कच्चं पाणी त्यांच्या घशाखाली गेलंच नव्हतं. नेम त्यांनी जिवांसाठी घेतला होता, आणि त्या नेमानं फक्त त्यांनाच वाचवलं होतं. गाळलेलं मळ्याला, लेकीला, उकळलेलं एकटीला. आणि स्वतःच्या तब्येतीचा दाखला देऊन त्यांनी अख्ख्या मळ्याला पाणी पाजलं होतं.

सोनलला त्यांनी हंड्यातलं पाणी दिलं. का ते सांगितलं नाही. मळ्याला मात्र त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी बाटली बघू आणि मग बोलू, असं त्यांनी ठरवलं. ही त्यांची चूक होती, आणि ती चूक आहे हे त्यांना ठरवतानाच ठाऊक होतं. रात्रभर बाटली पोटाला टोचत राहिली.

सकाळी चुलीवर पातेलं चढवून काकूंनी गाठ सोडली. बाटली काळीकुट्ट होती. तव्याच्या बुडासारखी.

बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली आणि थेट सोनलच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. उन्हाचा पट्टा पोरीच्या तोंडावर पडला. "सोने, डोळं उघड." सोनलनं डोळे उघडले. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या जागी फिकट लिंबाचा रंग होता.

"वृषभ! गाडी काढ!"

वृषभ तोंडातला ब्रश तसाच ठेवून आला. त्यानं बहिणीकडं बघितलं, मग ओट्यावरच्या बाटलीकडं. खुळा नव्हता तो. चूळ भरून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आव्वा, आधी हिला न्हेऊया. बाटलीचं कुणाला बोलू नको. गाळ काढायचाय म्हणून सांगूया, हीर बंद करूया, खड्डा हलवूया. चार दिवसांत सगळं निवळंल. नाव जाईल गं आपलं. पोरगी कोण देईल ह्या घरात?"

"आन् आज सकाळी कळशी भरून न्हेतील त्यांचं काय?"

"सोनल मरायला लागल्या आन् तुला मळ्याची पडल्या!"

हे मात्र काकूंच्या वर्मी लागलं. दोन्ही खरं होतं. पोर गाडीत बसायला निघाली होती, पोटाला हात धरून, आणि एकेक मिनिट मोलाचं होतं. काकूंनी पदर खोचला. "गाडी हळूहळू माझ्या मागनं घे. रस्त्याला लागंस्तोवर मी चालत येतो. थांबणार न्हाय कुठं."

मग मगदूम मळ्यानं जे बघितलं, ते आधी कधी बघितलं नव्हतं. पुढं राजमतीकाकू, अनवाणी, झपाझप चालणाऱ्या. मागं वृषभची गाडी पहिल्या गिअरमध्ये, आत पाठीला उशी लावून सोनल. आणि प्रत्येक दारापुढं काकूंचा तोच आवाज, ज्यानं बुटवाल्याला कट्ट्यावरून उतरवलं होतं. "आमच्या हिरीचं पाणी पिऊ नका! भरलेलं वतून टाका! आमच्या संडासाचं पाणी हिरीत उतरलंय! माझ्या घरनंच आल्या ही कावीळ!"

वृषभनं हॉर्न दाबला. लाजेनं दाबला, की घाईनं, ते त्याचं त्यालाच माहीत. एका दारात एक बाई नुकतीच कळशी डोक्यावरून उतरवत होती. तिनं ऐकलं आणि कळशी अंगणातच कलंडवली. म्हातारीचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "काकू, हे आज सांगतासा व्हय?" काकू पुढच्या दाराकडं वळल्या.

रस्त्याच्या तोंडाशी अनुजा भेटली. काकूंनी तिला एवढंच सांगितलं, "काळी पडली गं. हिरीत काय टाकायचं ते टाक. किती जीव जातील ते माझ्या माथी." अनुजा पिशवी आणायला पळाली.

सात घरं सांगून झाली होती. आठवं आक्काताईचं, त्याला कुलूप होतं आणि तिच्याकडं फोन नव्हता. त्या कुलपाकडं बघून काकू गाडीत बसल्या. सोनलचा हात त्यांनी हातात धरला होता, आणि डोळ्यांपुढं मात्र दहा लिटरचा कॅन होता.

कोल्हापूरच्या त्याच मोठ्या दवाखान्यात सोनलला लगेच आत घेतलं. रक्त काढलं, बाळाचे ठोके ऐकले. काकू दाराशी उभ्या राहिल्या, बाकावर बसल्याच नाहीत. कबनूरहून जावई निघाल्याचा फोन आला. तीन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कावीळ आहेच. पण लवकर आणलंत. रक्त गोठायची क्रिया अजून शाबूत आहे. आणखी चार दिवस अंगावर काढलं असतं, तर मी तुमच्याशी असं उभं राहून बोलू शकले नसते. बाळ ठीक आहे. रोज तपासत राहू."

सोनल वाचली, हे इथंच सांगून टाकतो. अठरा दिवसांनी तिला मुलगी झाली, थोडी लहानखुरी, पण रडायला खणखणीत. दवाखान्यातून ती परस्पर कबनूरला सासरी गेली. पहिल्या बाळंतपणाची लेक माहेराला न शिवता गेली, आणि तिला पाठवणारी तिची आईच होती. पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई वळल्या आणि काकूंनी भिंतीला हात टेकून एकदा पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसले आणि पुरुषांच्या कक्षाची वाट विचारली.

जोतीराम तिसऱ्या रांगेत होता. डोळे मिटलेले, सलाईन चालू. आक्काताई खाली सतरंजीवर बसली होती. काकूंना बघून ती धडपडत उठली. "काकू! तुमी कशाला आलासा एवढ्या लांब?" आणि मग सोनलचं ऐकून तिनं तोंडावर हात धरला. "अरं देवा. पोरीला बी लागलं? नळाचं कुठं प्याली असंल बगा. बसा, बसा हितं." तिनं काकूंना सतरंजीवर बसवलं, कॉटखालचा कॅन ओढला, तांब्यात पाणी ओतलं. अर्धा कॅन संपला होता. "घ्या, घोटभर प्या. तुमचंच हाय. आन् जाताना तांब्याभर सोनलला बी न्ह्या, दवाखान्यातलं पाजू नका. मी ह्यास्नी सकाळपासनं हेच दिलंय."

काकूंनी तांब्या हातात घेतला आणि खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. खड्डा, मुरूम, बाटली. काल पाच वाजता कॅन भरताना मनात आलं होतं आणि तरी दिला, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं नसतं.

आक्काताई आरडाओरडा करेल, शिव्या देईल, अशी काकूंची अपेक्षा होती. तिनं दिल्या असत्या, तर काकूंना बरं वाटलं असतं. पण ती नवऱ्याकडं बघत राहिली, मग कॅनकडं, आणि कुणाला तरी नुसती माहिती द्यावी तशा आवाजात म्हणाली,

"नळाचं पाणी कवा प्यालो, तर पयल्यापासनं आमी उकळूनच पितोय, काकू. तुमच्या हिरीचं तेवढं तसंच पीत हुतो."